रात्रपाळीच्या चौकीदारास

राळेगाव, जि. यवतमाळ
वेळ : रात्रीचे पावणेदोन

प्रति,
मा. चौकीदार साहेब,
खालचं फाटक, अन्ननलिका,
जठराच्या तोंडाशी.

विषय : ड्युटीवर असताना फाटक उघडं टाकल्याबाबत.

महोदय,

ही वेळ पत्र लिहायची नाही, हे मलाही कळतं. पण तुमच्याच कृपेने मी पलंगावर उठून बसलो आहे. छातीच्या मधोमध गोवऱ्यांची आर धुमसावी तशी आग आहे आणि घशात आत्ताच एक आंबट-कडू घोट येऊन परत गेला. घरातले सगळे झोपलेत. तुम्हीही झोपलात, हे वेगळं सांगायला नको. जागा फक्त मी. नेमलेला माणूस घोरतो आणि मालक पहारा देतो, हा उलटा कारभार चार लोकांपुढे मांडावा असं ठरवलं. खासगीत पुष्कळदा विनवून पाहिलं, पाणी पाजलं, छाती चोळली, तुम्ही दाद दिली नाहीत. म्हणून हे पत्र उघडं. तुमच्या फाटकासारखंच.

चौकीदार मला नवे नाहीत. सव्वीस वर्षं मी जिनिंगच्या काट्यावर बसलो. दिवाळी सरली की कापसाच्या गाड्यांची रांग लागायची. आधी बैलबंड्या, मग ट्रॅक्टर, आता पिकअप. गाडी काट्यावर चढते, वजन होतं, फाटकातून आत जाते. आत गेलेला कापूस त्या फाटकाने पुन्हा बाहेर येत नाही. रुईच्या गाठी होऊन दुसरीकडून निघतो, सरकी तिसरीकडून. आमचा जुना चौकीदार मालकाच्या जावयालाही खिशातली बिडी-काडी काढून ठेवल्याशिवाय आत सोडत नसे. त्याला सही येत नव्हती, अंगठा उमटवायचा. पण पंचवीस एकरांत कुठे धूर निघाला तर त्याच्या नाकाला आधी कळायचं. तुमच्याकडे तर एकच दार, तेही जेमतेम दोन बोटांचं. त्यावरही डुलकी?

तुमचं काम लोकांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. घशापासून पोटापर्यंत जाणारी अन्ननलिका सुमारे पंचवीस सेंटीमीटरची, म्हणजे वीतभर आणि वर थोडी. तिच्या खालच्या टोकाला तुम्ही, एक गोल स्नायू. घास आला की सहा-आठ सेकंद उघडायचं, घास उतरला की मिटायचं. बाकी चोवीस तास मिटून राहायचं, एवढीच नोकरी. एकट्याला जड जाऊ नये म्हणून निसर्गाने जोडीला श्वासपटलाचा स्नायूही दिलाय. तो बाहेरून तुम्हाला कवेत धरून असतो. काही जणांत पोटाचा वरचा भाग त्या पटलातून वर सरकतो, मग हा जोडीदार एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे, अशी फाटाफूट होते. आमच्याकडे तसं काही झालेलं नाही, तपासून घेतलंय. म्हणजे ती सबबही तुम्हाला नाही.

आता गावाचा न्याय ऐका. दोष तुम्हाला कोणीच देत नाही. पारावर, पानठेल्यावर, एसटीत, जिथे जावं तिथे एकच आरोपी : ॲसिड. "ॲसिडिटी वाढली", "पित्त चढलं". बिचारं आम्ल! दिवसाला दीड-दोन लिटर जठररस पोट तयार करतं, आणि त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल एवढं तेज असतं की विहिरीच्या पाण्यातून, उघड्यावरच्या बोंड्यातून आलेले किती तरी जंतू तिथेच खलास होतात. डाळीतलं प्रथिन फोडायला लागणारं पाचकद्रव्यही त्याच्याशिवाय जागं होत नाही. पोटाच्या आतून चिकट श्लेष्म्याचा लेप आहे, म्हणून पोटाला त्याची झळ लागत नाही. अन्ननलिकेला तसा लेप नाही, कारण आम्ल तिथे येईल असं घर बांधणाऱ्याने धरलंच नव्हतं. भट्टीतला विस्तव भट्टीत असतो तोवर त्यावर भाकरी होते. तोच कोणी वैरणीच्या खोलीत आणून टाकला तर विस्तवाला शिव्या द्यायच्या का?

आमच्या भाषेनेही तुम्हाला भरपूर पाठीशी घातलंय. अंगावर लाल गांध्या उठल्या, पित्त. अर्धं डोकं ठणकलं, पित्त. सकाळी मळमळलं, पित्त. सासरा लग्नात मानपानावरून भडकला, त्याचंही पित्तच खवळलं. एका शब्दाच्या गोणीत एवढा माल भरल्यावर डॉक्टरने काय काढायचं? आमच्या शेजारीण बाई दवाखान्यात "पित्त झालं" एवढंच सांगून बसल्या आणि खाजेची गोळी घेऊन परत आल्या. जुने वैद्य याबाबतीत आपल्याहून नेमके होते. बारा-तेराशे वर्षांपूर्वीच्या माधवनिदानात अम्लपित्ताला स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात वर चढणारं आणि खाली जाणारं असे दोन भेद केलेत. वर चढणारं! म्हणजे वाट उलटी झाली आहे हे त्यांच्याही ध्यानात आलं होतं. फक्त फाटकावर कोण बसलंय हे बघायला त्यांच्याकडे दुर्बीण नव्हती.

तसं आत डोकावायला माणसाला पहिली खिडकी मिळाली ती अपघाताने. ६ जून १८२२ला अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला जवळून बंदुकीची गोळी लागली. तो जगला, पण पोटाला पडलेलं भोक कायमचं राहिलं. विल्यम ब्यूमाँट या लष्करी डॉक्टरने त्या भोकातून रेशमी दोऱ्याला मांसाचे, भाकरीचे तुकडे बांधून आत सोडले, ठरावीक वेळाने ओढून पाहिले, आणि १८३३ साली त्या सगळ्या प्रयोगांचं पुस्तक काढलं. तो गडी वैतागला, संतापला की त्याचं पचनही बिघडतं, असंही डॉक्टरने टिपून ठेवलंय. वैतागणार नाही तर काय, कोणी तुमच्या पोटात दोऱ्याने बोटी सोडून बसला तर! आमच्याकडे "पित्त खवळलं" म्हणतात त्याला अगदीच आधार नाही असं नाही, एवढ्यापुरतं मला हे आठवलं. तुमच्यापर्यंत मात्र ती खिडकी पोचत नव्हती. तुम्ही तेव्हाही सुटलात.

मी सुटू दिलं नाही. वर्धा नदी ओलांडून सेवाग्रामला गेलो, घशाला सुन्न करणारा फवारा मारून घेतला आणि दुर्बीण टाकून आलो. अहवालात जखम नाही, गाठ नाही, सूज नाही. (बहुतेकांचं असंच निघतं म्हणे, जळजळ खरी असते आणि दुर्बिणीला नळी स्वच्छ दिसते.) पण तुमच्या नावापुढे इंग्रजीत एक शब्द लिहिलाय : 'लॅक्स'. मी डॉक्टरांना अर्थ विचारला. ते म्हणाले, "सैल." नोकरीत असताना साहेबांनी आमच्या गोपनीय अहवालात एवढा एक शब्द लिहिला असता, तर माझी वेतनवाढ रोखली असती. तुमची रोखायची तरी काय? तुम्ही बिनपगारी.

तुमची बाजू मी ऐकली नाही असं नको व्हायला. आमच्या जिनिंगमध्येही नोटीस देण्याआधी जबाब घ्यायची पद्धत होती. तुमचा जबाब मी डॉक्टरांच्या तोंडून घेतला आणि ऐकता ऐकता काट्याचा दांडा माझ्याकडे कलायला लागला.

तुमचं पहिलं म्हणणं : फाटक दरवेळी झोपेने उघडत नाही. पोट तट्ट फुगलं की आतला वारा जायला जागा हवी, म्हणून तुम्ही घास नसतानाही अधूनमधून सैल होता. त्यालाच आम्ही ढेकर म्हणतो, आणि पाहुण्याने ढेकर दिला की यजमानाला बरं वाटतं. पोट जितकं ताणलेलं तितकी तुमची ये-जा जास्त, आणि वाऱ्यामागून आम्लही निघतं. बरं, ही जळजळ विझवायला मी काय करत होतो? ग्लासभर पाण्यात खायचा सोडा. सोडा आणि आम्ल भेटले की वायू सुटतो, मोठ्ठा ढेकर येतो आणि हुश्श वाटतं. म्हणजे पोटात वारा भरून तुम्हाला पुन्हा दार उघडायला लावायचं आणि त्यालाच औषध म्हणायचं. वरून त्या सोड्यातलं सोडियम माझ्या बीपीला. थंड दूध त्याहून गोड फसवणूक. पहिला अर्धा तास गारवा, मग दुधातलं प्रथिन आणि कॅल्शियम पोटाला नवं आम्ल सोडायला लावतं.

दुसरं म्हणणं रोडग्यांबद्दल, आणि इथे मला पाणी पिऊन बसावं लागलं. आमच्या भागात नवस फेडायचा, शेतात देव करायचा, तर रोडगे लागतात. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे गोळे भाजायचे, राख झटकून हातावर फोडायचे, आत तुपाची धार सोडायची आणि वर वांग्याची भाजी, तिच्यावर बोटभर लाल तर्री. बाजूला वरण, आणि आग्रह करणारा एक मेहुणा. रोडग्याला गहू लागतो. इथून जवळच्या रावेरीत सीतेचं देऊळ आहे, तिथली कथा अशी की वनवासात लेकरांसाठी सीतामाई मूठभर गहू मागायला आली, गावाने दिला नाही, म्हणून तिने शाप दिला आणि त्या शिवारात गहू पिकेना. मला कधी कधी वाटतं, त्या माईला पंगतीत माझं ताट दिसत असावं. चार रोडगे, वाटीभर तूप. तुपा-तेलाने पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, आणि स्निग्ध पदार्थ आतड्यात पोचले की जो संदेश उलट निघतो त्याने तुमचा स्नायू आणखी ढिला पडतो. दाबाचंही एकदा बोलू. तुम्ही निवांत असताना तुमचा दाब दहा ते तीस मिलिमीटर पाऱ्याइतका; माझ्या बीपीच्या मशीनवर वरचा आकडा दीडशे. एवढ्याशा जोरावर तुम्ही चार रोडगे, दोन वाट्या तर्री आणि लिंबाखाली लांब पसरलेला मी, एवढं सगळं थोपवून धरायचं. मिरचीला लोक उगाच फाशी देतात. तिखट अन्ननलिकेला झोंबतं हे खरं, आधीच सोललेल्या नळीला तर फारच, पण घरोघरी खरा गुन्हेगार मिरचीच्या मागे लपून बसलेलं तेल असतं.

आणि उपास. एकादशीला साबुदाण्याची उसळ, तळलेले आलू, शेंगदाण्याचा कूट, वर चहा चार वेळा. संध्याकाळी छातीत आग, आणि ती देवाला पोचली असं आम्ही समजतो.

तिसऱ्या म्हणण्यावर मी गप्प बसलो. ते खर्र्याबद्दल आहे. बाहेरच्या वाचकांसाठी : सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटतात, विदर्भात त्याला खर्रा म्हणतात. राज्यात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे. खर्रा कुठे कसा मिळतो ते मी लिहिणार नाही, कारण हे पत्र उघडं आहे. डॉक्टर म्हणाले, निकोटीन रक्तात उतरलं की तो चौकीदार सैलावतो. म्हणजे साहेब, मी काट्यावर बसून दिवसातून सहा वेळा तुमच्या फाटकात अफू पाठवत होतो आणि रात्री तुम्ही झोपलात म्हणून ओरडत होतो. त्याहून वाईट पुढचं. माणसाच्या तोंडात दिवसाला लिटरभराच्या आसपास लाळ तयार होते, तिच्यात आम्ल मारणारं बायकार्बोनेट असतं. वर चुकून आलेलं आम्ल प्रत्येक आवंढ्याबरोबर ती धुऊन खाली नेते. घरबसल्या फुकटचं औषध. खर्रा खाणारा ते औषध कुठे टाकतो, ते बघायला एसटी स्टँडच्या कुठल्याही कोपऱ्यात जा. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, गिळणंही थांबतं. म्हणून दिवसा जे आम्ल मिनिटभर टिकतं ते रात्री ठाण मांडून बसतं. आता मला कळतं, तुमचे सगळे पराक्रम रात्रीच का.

पण म्हणून तुम्ही निर्दोष ठरत नाही! माझ्या चुका मी मोजून दिल्या, आता तुमच्या मोजतो. बायामाणसांच्या बाबतीत तुम्हाला दयामाया आहे का? वेचणीला गेलेल्या बाया कमरेला फडकं बांधून त्यात कापूस भरतात, पोट आवळलेलं. निंदणाला दिवसभर वाकलेल्या. सकाळची शिळी भाकर, झुणका खाऊन लगेच ओणव्या. पोट खालून दाबलं जातं आणि तुम्ही सरळ फाटक सोडून देता. त्या तोंडात आलेलं पाणी थुंकतात आणि ओळ पुढे नेतात, सुट्टी मागायची सोय नसते. गरोदरपणात तर हार्मोनमुळे तुम्ही रजेवरच जाता आणि बाळ खालून पोट वर ढकलतं. माझ्या सुनेला सातव्या महिन्यात रात्र-रात्र बसावं लागलं. शेजारच्या बुढ्या खूश : "बाळाले जावळ दाट येते पाय!" गंमत अशी की २००६ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ही समजूत खोटी पाडावी म्हणून ६४ गरोदर बायांना जळजळीबद्दल विचारलं, नंतर बाळांचे केस पाहिले, आणि बुढ्या बरोबर निघाल्या. संप्रेरकं दोन्हीकडे हात मारत असावीत, असा त्यांचा कयास. आमच्या नातवाचं जावळ काढायला न्हाव्याने दोन वस्तरे वापरले. तुमच्या बेजबाबदारपणाचा हा एकमेव फायदा मी जमेस धरतो.

आता गोळ्यांचं. तुमची तक्रार केली की दुकानदार तुम्हाला हात लावत नाही, आतल्या मजुराला म्हणजे आम्लाला मारतो. आधी गुलाबी पातळ औषध. ते आलेलं आम्ल निष्प्रभ करतं, दहा मिनिटांत आराम, तास-दोन तासांत उतार संपला. मग रॅनिटिडीन. एकेकाळी राळेगावात असं घर नसेल जिथे देवघराच्या कोनाड्यात तिची पट्टी नव्हती; अंगारा आणि ती एकाच डब्यात. २०१९मध्ये जगभर तिच्या नमुन्यांत एनडीएमए नावाचं, कर्करोगाला कारण ठरू शकणारं द्रव्य सापडल्यावर गडबड उडाली, आणि सप्टेंबर २०२२मध्ये आपल्या सरकारने अत्यावश्यक औषधांच्या यादीतून तिला काढलं. आमच्या कोनाड्यातून ती निघाली त्यानंतर सहा महिन्यांनी, तेही पट्टी संपली म्हणून.

आणि आता 'प्राझोल' आडनावाचं अख्खं कुटुंब : ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल. कुठल्याही दुखण्याची चिठ्ठी असो, तळाशी यांच्यातला एक जण उभा असतोच. मी दोन वर्षं ती गोळी रात्री, जळजळ सुरू झाल्यावर, पोटभर जेवणावर घेत होतो आणि गुण येत नाही म्हणून कंपनीला शिव्या देत होतो. हे औषध आम्लाचे पंप बंद करतं, पण चालू झालेलेच पंप ते पकडू शकतं, आणि पंप चालू होतात जेवणाने. म्हणून ते रिकाम्या पोटी, सकाळच्या खाण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायचं असतं. हे मला कोणी सांगितलं नाही की सांगितलेलं मी ऐकलं नाही, याबद्दल घरात दोन मतं आहेत. अहवाल वाचून डॉक्टरांनी आठ आठवड्यांचा कोर्स दिला आणि नंतर हळूहळू कमी करायला सांगितलं. वर्षानुवर्षं घेतलेली गोळी एका दिवसात तोडली तर दबलेले पंप दुप्पट जोराने उठतात. मनाने चालू ठेवली तर बी-१२, मॅग्नेशियम यांची तूट येऊ शकते. पण एक गोष्ट नीट ऐका, चौकीदार साहेब. या गोळीने तुमचं फाटक मिटत नाही. जे वर येतं ते येतच राहतं, फक्त त्यातला विखार जातो. म्हणजे मी इतके दिवस मजुराचे हात बांधत होतो आणि दार सताड उघडं ते उघडंच. माझी बीपीची गोळीही तुम्हाला सैल करणाऱ्यांपैकी निघाली. ती मात्र मी मनाने बंद केली नाही, डॉक्टरांना विचारून बदलून घेतली. गुडघ्याच्या दुखण्याची गोळी किराणा दुकानातून आणून उपाशीपोटी गिळायचो, तिचा हिशेब वेगळा. ती थेट पोटाचा लेपच खरवडते.

तुमच्यावरचा सगळ्यात गंभीर आरोप मी मुद्दाम मागे ठेवला होता. तुम्ही दुसऱ्याच्या नावाने बोंब मारता. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका काकांना पहाटे छातीत दाटल्यासारखं झालं. रात्री लग्नात जेवले होते. "गॅस हाय, दुसरं काई नाई," म्हणून ओवा झाला, सोडा झाला, पाठ चोळून झाली. ढेकर आला तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. अंगाला दरदरून घाम होता, डावा हात जड होता, ते कोणी मनावर घेतलं नाही. उजाडल्यावर यवतमाळच्या रस्त्याला लागले, पोचले नाहीत. तुमची जळजळ आणि काळजाचा झटका छातीच्या एकाच खोलीत राहतात आणि कित्येकदा डॉक्टरलाही ईसीजी काढल्याशिवाय वेगळे ओळखू येत नाहीत. जळजळ बहुधा जेवणानंतर, वाकल्यावर, आडवं पडल्यावर येते आणि घशाकडे चढते. काळजाचं दुखणं दाबल्यासारखं, चालताना वाढणारं, खांद्या-जबड्याकडे जाणारं, घाम आणि धाप घेऊन येणारं. साखर असलेल्या माणसात आणि बायांमध्ये तेही नीट दिसत नाही. त्या पहाटे १०८ला फोन करायला कोणाचं काही जात नव्हतं. सोडा घेऊन बरं वाटलं म्हणजे काळीज ठीक आहे असं होत नाही. तुम्ही खोटं बोलला नाहीत, हे मान्य. पण तुमची इतकी वर्षांची कटकट नसती तर त्या घराने "गॅस" हा शब्द इतक्या सहज उच्चारला नसता.

घास अडकायला लागला, शौचाला डांबरासारखी काळी झाली, उलटीत रक्त दिसलं, वजन आपोआप उतरलं किंवा रक्त कमी भरलं, तर तुम्हाला नोटीस देत बसायचं नाही, थेट दुर्बीण, हेही मी आमच्या कट्ट्यावर सांगून ठेवलंय. वर्षानुवर्षं भाजून निघालेल्या नळीचं अस्तर काहींच्यात बदलतं आणि पुढे ते कर्करोगाकडे झुकू शकतं. एवढा भयंकर धंदा इतक्या लहान दारावर चालतो.

मी हातावर हात ठेवून बसलो नाही. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली दोन-दोन विटा दिल्या, आडव्या. म्हणजे सहा इंचांची उंची. त्याआधी दोन उश्या घेऊन पाहिल्या होत्या, त्याने मान वर जाते आणि पोट मुडपून उलट दाबलं जातं; उताराला सगळा पलंगच लागतो. विटा देताना शेजाऱ्याने खिडकीतून विचारलं, "काऊन जी बाबूजी, वास्तूवाल्यानं सांगतलं का?" मी हो म्हणालो. आम्लाचं सांगितलं असतं तर त्याने मला ओव्याचा उपाय सांगितला असता. तेव्हापासून गल्लीत तीन घरांचे पलंग वर झालेत आणि त्यातल्या एकाने पायाकडून केलाय.

झोपायचं डाव्या कुशीवर. पोटाची ठेवण अशी आहे की डाव्या कुशीवर तुमचं फाटक आम्लाच्या तळ्याच्या वर राहतं, उजव्या कुशीवर बुडतं. पस्तीस वर्षं मी उजव्या कुशीवर झोपलो, कारण डावीकडे घरची असते आणि तिचं बोलणं संपत नाही. आता रोज रात्री तोंड तिच्याकडे. "जेवल्यावर लगेच लंबे नका होत जाऊ म्हणून किती वर्सांपासून सांगून रायली मी, दुर्बीण टाकून आले तवा पटलं," हे मी आता समोरासमोर ऐकतो. रात्रीचं जेवण साडेसातला, झोप साडेदहाला. पट्टा एक भोक मागे. वजन पाच किलो उतरवायला सांगितलंय, दीड उतरलंय. ते काट्यावर मोजलं, जिनिंगच्या नव्हे.

आणि तरीही आज पावणेदोनला तुम्ही मला उठवलंत. याचा खुलासा मला हवाय. साडेसातला जेवलो, विटा जागेवर आहेत, कूस डावी आहे. काल दुपारी पाहुण्यांकडे वाढदिवसाचे आलूबोंडे होते, हे खरं, पण तीनच. संध्याकाळी पानठेल्यावर थांबलो होतो ते केवळ पेपर वाचायला.

रविवारी शेतात रोडगे आहेत. मी दोनच घेणार आहे आणि लिंबाखाली बसून राहणार आहे, सतरंजी सोबत नेणार नाही. मेहुण्याला आधीच फोन करून सांगितलंय, तो हसला. तेव्हा रविवारी रात्री तुमची परीक्षा समजा. खुलासा लेखी नको, रात्रभर गप्प राहिलात तरी पोचला असं मानीन.

आपला,
(पूर्वीचा) काटाबाबू

ता. क. : सकाळी चहाच्या वेळी घरचीने हे पत्र वाचून काढलं. चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "चौकीदाराले लंबीचवडी चिठ्ठी लिवली. अन् शर्टाच्या खिशात पन्नी निंगाली, थे कोनाची?" चहा अर्धाच टाकून उठलो. चहानेही तुम्ही सैल होता म्हणे.